पुढचा ब्रेक लागत नसेल तर

हा तक्ता वरून खाली वाचावा. प्रत्येक लक्षणाखाली एक प्रश्न आहे. उत्तर 'होय' असेल तर खाली या. 'नाही' असेल तरी खालीच या, दुसरीकडे जायला वाट ठेवलेली नाही.

गाडीची माहिती

गाडी कुठल्या कंपनीची, असं विचारू नये. इंजिन एका जुन्या साडेतीनशे सीसी बाइकचं. टाकी दुसऱ्याच गाडीची. पुढचं चाक, ते धरणारा फोर्क आणि ब्रेक एका अपघातात गेलेल्या स्पोर्ट्स बाइकचे. सीट मी स्वतः शिवलेली. आमच्या गावच्या जमिनीसारखंच आहे हे: तुकडा एक, हिस्सेदार अनेक, आणि कुणाचं कुणाशी पटत नाही. आईने तिचं नाव 'गोधडी' ठेवलं. टोमणा म्हणून ठेवलं होतं, पण मला आवडलं.

मी अपूर्वा. आठवडाभर अंधेरीच्या एका ऑफिसात लोकांच्या विम्याचे दावे तपासते, म्हणजे कोण कशावर कसं आपटलं ते वाचते. सुट्टीच्या दिवशी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत प्रबुद्धच्या गाळ्यात असते. प्रबुद्ध माझ्याबरोबर डिप्लोमाला होता. त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. गोधडी तिथेच तीन वर्षांत उभी राहिली. उभी राहायला तिला कधीच अडचण नव्हती. चालायलाही नव्हती.

लक्षण : लिव्हर मऊ लागतो, दाबला की हँडलला टेकतो, आणि गाडी जायची तिथे जाते.

प्रश्न : समोर कढीपत्ता आहे का?

होय. म्हणजे, होता.

घाटकोपरला पंतनगरात आमची 'एकोपा' सोसायटी. गेटमधून आत आलं की समोर निळ्या पिंपात जयाकाकूंचा कढीपत्ता. जयाकाकू सोसायटीच्या अध्यक्ष. आमच्या बिल्डिंगमध्ये कढीपत्ता कुणी विकत आणत नाही. तेल तापायला ठेवायचं, खिडकीतून "काकू, दोन काड्या घेऊ?" असं ओरडायचं, आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरायचं, अशी पद्धत आहे. गोधडी पहिल्यांदा घरी आणली त्या संध्याकाळी मी गेटमधून ऐटीत वळले आणि पुढचा ब्रेक दाबला. पिंप आडवं, कढीपत्ता आडवा, गाडी कढीपत्त्यावर, मी गाडीवर.

वर खिडकीत आई आली.

"लागला काय गो?"

"नाही गं."

"तुका नाय इचारूक. कढीपत्त्याक."

त्या आठवड्यात सगळ्या घरांत आमटीला बिनपाल्याची फोडणी पडली आणि माझ्याविरुद्ध लोकमत तयार झालं. जिन्याखाली मीटिंग भरली. जयाकाकू शांत होत्या. शांत असल्या की त्या जास्त भारी पडतात.

"हे बघ अपूर्वा, गाडी ठेवायला माझी ना नाही. फक्त ती थांबली पाहिजे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, सगळ्यांसमोर, गेटमधून यायचं आणि मी रांगोळीची रेघ काढीन तिच्या अलीकडे थांबायचं. पुढच्या ब्रेकवर. मागचा दाबायचा नाही, पाय टेकायचे नाहीत. थांबली तर ठेव. नाही थांबली तर आवारात नको."

आवारात नको, तर मग कुठे? रस्त्यावर ठेवली की टोइंगवाले उचलणार. प्रबुद्धच्या गाळ्यात रात्री कुलूप लावायलासुद्धा तिरकं होऊन बाहेर यावं लागतं. उरला एकच, मालाडचा मिहिर. त्याचा कॅफे आहे. गोधडीचा फोटो पाहिल्यापासून तो माझ्या मागे होता. त्याला ती चालवायची नव्हती, भिंतीवर टांगायची होती.

"खालून पिवळे दिवे सोडू, यार," तो फोनवर म्हणाला. "लोक सेल्फी काढतील. ना पेट्रोल, ना ब्रेक. तिला काही त्रासच नाही."

सासरचे लोक बोलतात तसं बोलला. मी म्हटलं, रविवारपर्यंत थांब. तो म्हणाला, थांबतो, तोवर भिंतीला बोल्ट मारून ठेवतो.

म्हणून हा तक्ता.

तपासा : हवा

लिव्हर दाबला की नळीतलं ब्रेक ऑइल पुढे ढकललं जातं. ते कॅलिपरला ढकलतं, आणि कॅलिपर दोन पॅडच्या चिमट्यात डिस्क धरतो. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी पोलादी ताटली. ती धरली की चाक थांबतं. पण नळीत हवेचा बुडबुडा असला, तर तुमचा सगळा जोर बुडबुडा चेपण्यात जातो. कमिटीत एखादा नुसता "हो हो, बघू" म्हणणारा असला की ठराव पुढे सरकत नाही, तसंच.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एक लिव्हरवर, एक खाली कॅलिपरच्या स्क्रूवर.

"दाब," प्रबुद्ध खालून म्हणाला.

"दाबला."

"धर."

"धरला."

"आता सोड. अगं आत्ता नाही! मी स्क्रू बंद केल्यावर!"

"मग 'आता' कशाला म्हणालास?"

"दाब."

ही आरती आम्ही दुपारभर म्हटली. बाटलीभर ब्रेक ऑइल वरून घातलं, खालून काढलं. लिव्हर तसाच, उकडलेल्या बटाट्यासारखा. प्रबुद्धने हँडलवरची ब्रेक ऑइलची टाकी बदलली. नळी बदलली. बाजूच्या गाळ्यातल्या माणसाने सांगितलं म्हणून लिव्हर रबरबँडने रात्रभर हँडलला बांधून ठेवला. सकाळी रबरबँड सैल पडलेला, लिव्हर तसाच.

शेवटी पाठ धरली म्हणून मी जमिनीवर आडवी झाले आणि तिथून कॅलिपरकडे बघितलं.

"प्रबुद्ध, हवा वर जाते ना?"

"शाळेत तरी तसंच शिकवलं."

"मग हवा काढायचा स्क्रू खालच्या अंगाला का आहे?"

तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मूळच्या गाडीत तो कॅलिपर डाव्या बाजूला होता. आम्ही तो उजवीकडे बसवला होता, आणि बसवताना तो उलटा झाला होता. हवा वरच्या मजल्यावर तंगड्या पसरून बसली होती आणि आम्ही तळमजल्याचं दार उघडून "या, बाहेर या" म्हणत होतो.

"कॅलिपरचा ब्रॅकेट तू बनवलास," मी म्हटलं.

"ड्रॉइंग तू दिलंस."

"ड्रॉइंग उलटं धरलं असशील."

"तुझं ड्रॉइंग कसंही धरलं तरी उलटंच दिसतं."

तरी काम सोपं होतं. कॅलिपर सोडवला, स्क्रू वर येईल असा हातात धरला, पॅडच्या मध्ये लाकडाची फळी सरकवली आणि पुन्हा आरती म्हटली. भसकन हवा निघाली. लिव्हर घट्ट झाला, कॅलिपर परत जागी बसला. वसाहतीच्या रस्त्यावर मी गोधडी पळवली आणि ब्रेक दाबला, तशी ती जमिनीत खिळा ठोकल्यासारखी थांबली. प्रबुद्धने पाठीवर थाप मारली. तिचा काळा ठसा माझ्या ऑफिसच्या शर्टावर अजून आहे.

तक्ता इथे संपायला हवा होता.

लक्षण : ब्रेक लागतो, पण किंचाळतो.

प्रश्न : घरात कुणाला त्रास होतो का?

साकीनाक्याच्या सिग्नलला मी ब्रेक दाबला तेव्हा पुढच्या रिक्षातल्या बाईंनी कानातले इअरफोन काढून आकाशाकडे बघितलं. पॅड आम्ही नवे घातले होते, आणि नवे पॅड कधीकधी असे ओरडतात. प्रबुद्ध म्हणाला, घासले की गप्प होतील, दुर्लक्ष कर.

दुर्लक्ष करणं आमच्या घरात शक्य नव्हतं.

माझे बाबा राजाराम परळच्या एका गिरणीत कताई खात्यात तेलवाले होते. खात्यातल्या प्रत्येक साच्याला, म्हणजे मशीनला, जिथे जिथे भोक असेल तिथे मोजून थेंब सोडायचा, पाळीभर, पाळीमागून पाळी. गिरणी बंद पडली, बाबांनी पुढे दुसऱ्या नोकऱ्या केल्या, त्यातून निवृत्तही झाले, पण लांब चोचीची तेलाची कुपी अजून त्यांच्याकडे आहे. आमच्या घरात कुठलीच वस्तू वाजत नाही. दारं, पंखा, कपाट, पोळपाटाचा पाय, सगळं गप्प. समोरच्या बाळाची ढकलगाडी त्यांनी इतकी गुळगुळीत केली, की ती एकदा बाळासकट लिफ्टपर्यंत एकटीच गेली.

फक्त एका गोष्टीला त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. सोसायटीचं गेट. ते उघडताना असं काही कळवळतं, की गाईचं वासरू नेलं असावं. पण जयाकाकूंना ते तसंच हवं असतं. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, ते त्यांना स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळतं. "राजारामभाऊ, गेटला हात लावायचा नाही," असं त्यांनी मीटिंगमध्ये ठरावासारखं मांडलं होतं. तेव्हापासून बाबा गेट उघडताना डोळे मिटतात.

तर त्या संध्याकाळी मी आत आले. आधी गेट ओरडलं, मग गोधडी. रेघेच्या जागेच्या चांगलं अलीकडे थांबले. वर गेले तर बाबांनी चहाचा कप खाली ठेवला होता.

"ह्यो आवाज तुझ्या गाडीचो?"

"हो बाबा, पण ब्रेक लागतोय! झकास लागतोय!"

"लागता. पण ओरडता कित्याक?"

"नवा आहे म्हणून."

"नवीन ओरडता तर जुना झाल्यार काय करतला?" ते म्हणाले. "आमच्या खात्यात साचो ओरडलो तर जॉबर, आमचो मुकादम, साच्याकडे बघायचो नाय. माझ्याकडे बघायचो. सगळ्या खात्यासमोर."

"बाबा, हे वेगळं मशीन आहे."

"मशीन वेगळा. कान तेच ना गो?"

आई आतून म्हणाली, "ह्यांका जेवूक वाढलंय. आता जेवताना पण ह्योच आवाज ऐकतले."

लक्षण : लिव्हर दगडासारखा कडक. आवाज अजिबात नाही. गाडी थांबत नाही.

प्रश्न : काल रात्री थांबत होती ना?

होय! शपथेवर होय!

सकाळी ऑफिसला निघाले. वेग नव्हताच. कोपऱ्यावर भाजीवाल्याची गाडी होती म्हणून पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर छान कडक लागला, चाक मात्र साबणावर असल्यासारखं फिरतच राहिलं. मागचा ब्रेक आणि दोन्ही पाय लावून मी भोपळ्यांपासून वीतभर अंतरावर थांबले. भाजीवाला म्हणाला, "ताई, घ्यायचाय का?" मी घेतला. त्या मनःस्थितीत मी काहीही घेतलं असतं.

मागचा ब्रेक धरून हळूहळू मरोळला. प्रबुद्धने पॅड काढले. काळे, तुकतुकीत.

"कशाला तरी बुडवलेस काय?"

"मी? मी रात्रभर झोपले होते."

नवे पॅड, डिस्क पुसून साफ, ट्रायल. थांबली. किंचाळली. घरी आले. थांबली. किंचाळली. बाबांनी डोळे मिटले.

सकाळी पुन्हा तेच. गप्प, कडक, आणि सुटलेली.

मरोळ : थांबते. घाटकोपर, संध्याकाळी : थांबते. घाटकोपर, सकाळी : नाही.

"घाटकोपरच्या हवेत काहीतरी आहे," मी म्हटलं.

"मरोळला काय महाबळेश्वर आहे?" प्रबुद्ध म्हणाला. त्याने डिस्कवर पांढरा टिशू फिरवला आणि वास घेतला. "तेल. पण ब्रेक ऑइल नाही. फोर्कमध्येही तेल असतं, त्याचं सील गळत असेल."

सील बघितलं. कोरडं ठणठणीत. तरी बदललं. सकाळी पुन्हा तेच.

एव्हाना रविवार जवळ आला होता. मिहिरने भिंतीचा फोटो पाठवला. चार बोल्ट बाहेर आलेले, मध्ये रिकामी जागा. खाली लिहिलं होतं, 'वाट बघतोय'.

तपासा : नजर

हा भाग आईचा. प्रबुद्ध सामान घेऊन घरी आला होता तेव्हा तिने त्याच्यादेखत मीठ-मिरच्या मुठीत घेऊन गोधडीवरून ओवाळल्या आणि कॅलिपरला लिंबू-मिरची बांधायला लागली.

"काकी, तिथे नको! ते गरम होतं, लिंबू शिजेल."

"शिजांदे. लोणचा होईल. गाडीक नजर लागली हा."

"कुणाची?"

आईने आवाज न करता नुसती मान तळमजल्यावरच्या खिडकीच्या दिशेने हलवली. जयाकाकू.

"बरं, नजर लागली असं धरू," प्रबुद्ध म्हणाला. त्याच्या घरात तीन पिढ्या पुराव्याशिवाय काही मानत नाहीत, आणि पुराव्याशिवाय सोडतही नाहीत. "मग ती फक्त पुढच्याच ब्रेकला का लागली? मागच्याला का नाही?"

"मागचो ब्रेक कोण बघता रे?" आई म्हणाली.

प्रबुद्ध मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकी चुकतायत, पण दिशा बरोबर आहे. तेल आपोआप येत नाही. कोणीतरी लावतंय. आणि गाडी थांबू नये असं कुणाला वाटतं?"

आम्ही दोघांनी एकदमच कढीपत्त्याच्या पिंपाकडे बघितलं. त्यातल्या मोडक्या खोडाला नवे कोंब फुटले होते आणि जयाकाकू त्यांना फुलपात्राने पाणी घालत होत्या. आमच्याकडे बघून हसल्यासुद्धा. विम्याच्या कामात एक शिकले आहे, फार प्रेमाने हसणारा अर्जदार आधी तपासावा.

तपासा : प्रत्यक्ष

शनिवारी उजाडता उजाडता मी पंपाच्या खोलीमागे जाऊन बसले. डास होते. पाण्याची मोटर चालू झाली तसं माझं डोकंही तिच्याबरोबर घरघरायला लागलं.

आधी जयाकाकूच आल्या. हातात फुलपात्र. कोंबांना पाणी घातलं. मग सावकाश गोधडीपाशी गेल्या, इकडेतिकडे बघितलं आणि वाकल्या. मी मोबाइलचा कॅमेरा सुरू केला. काकूंनी पदराच्या टोकाने गोधडीचा आरसा पुसला, त्यात बघून टिकली सरळ केली आणि निघून गेल्या.

मग जिन्यावरून बाबा आले. बनियन, लेंगा, हातात कुपी.

ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. चाक हाताने सावकाश फिरवलं, डोकं तिरकं करून कान लावला. डिस्कला भोकं असतात, गरम झाल्यावर निवायला, पाणी झटकायला. चांगल्या डिस्कला तर चाळणीसारखी असतात. बाबांनी कुपीची चोच पहिल्या भोकाला लावली. एक थेंब. चाक थोडं फिरवलं. दुसरं भोक, एक थेंब. सांडलवंड नाही, घाई नाही. कुठलंही भोक सुटत नव्हतं. असं देखणं काम मी प्रबुद्धच्या गाळ्यातही बघितलं नव्हतं.

"बाबा!"

ते दचकले, पण थेंब पडू दिला नाही.

"काय गो, इतक्या सकाळी?"

"तुम्ही काय करताय?"

"तेल घालतंय. गेलो ना आवाज?" चेहरा असा, की बक्षीस कुठे आहे विचारावं. "रोज घालूक लागता पण. तू संध्याकाळी मरोळसून इलंस की परत ओरडता. तो प्रबुद्ध सगळा पुसून टाकता वाटता. मुलगो हुशार हा, पण तेलाची किंमत नाय त्याका."

"बाबा, तो ब्रेक आहे!"

"म्हायत हा माका."

"ब्रेकला तेल लावत नाहीत!"

"मग एवढी भोका कित्याक ठेवली हत?" ते खरंच विचारत होते. "मशीनीक भोक असता ता तेलासाठी. चाळीस वर्षां माका दुसरा भोक म्हायत नाय."

मी खाली बसले. डिस्कवर बोट फिरवून त्यांना दाखवलं. "बाबा, ह्या पॅडने ह्याला घट्ट धरायचं असतं. तेल लागलं की ते सटकतं. तुमचे साचे चालायला हवे होते. हे थांबायला हवं."

"थांबूसाठी मशीन?"

"हो. हे मशीन थांबण्यासाठीच आहे. परवा मी भोपळ्यांवर जाणार होते, ती म्हणूनच."

कुपीची चोच त्यांनी खांद्यावरच्या पंच्याला पुसली, पुन्हा पुसली. मग चाकाकडे बघत म्हणाले, "भोपळ्यांच्या जाग्यार बस असती तर?"

ते उठून वर गेले. मी वर गेले तेव्हा कुपी फळीवर होती, तोंड भिंतीकडे करून. दुपारी पंखा कुरकुरला. कधी नव्हे तो. बाबांनी वर बघितलं, हात मांडीखाली घातले आणि बसून राहिले.

"तू काय सांगलंस ह्यांका?" आई म्हणाली. "पंखो ओरडता आणि हे गप? माका भीती वाटता हां."

लक्षण : कारण सापडलं, तरी बरं वाटत नाही.

प्रश्न : (कळत नाही.)

दुपारनंतर प्रबुद्ध नवे पॅड घेऊन आला. डिस्क धुतली. पॅड बसवले. आवारात एक फेरी मारली. थांबली. इतक्या जोरात किंचाळली, की वर आमच्या खिडकीचा पडदा ओढून घेतलेला मी बघितला.

"उद्या पास होशील," प्रबुद्ध म्हणाला. "पण ह्या आवाजावर काकू नवा ठराव आणतील."

"काहीच करता येत नाही?"

"येतं. पॅडच्या मागच्या पत्र्यावर किंचित ग्रीस लावतात, उष्णता सोसणारं. पत्रा थरथरतो म्हणून तो आवाज येतो. पण माझ्या बोटांनी नको. किंचित जास्त झालं आणि वितळून पुढच्या अंगाला आलं, की पुन्हा भोपळे."

"म्हणजे तेल लागतं?"

"लागतं. मागून."

मी वर बघितलं. प्रबुद्धनेही बघितलं.

बाबांना खाली आणायला वेळ लागला. ते यायलाच तयार नव्हते. "माका नको सांगू. माका फक्त चालवूचा म्हायत हा." शेवटी आईने कुपीऐवजी काड्यापेटीतली एक काडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "जावा. मी आवाज ऐकूक बसलंय काय जन्मभर?"

ते उकिडवे बसले. प्रबुद्धने पॅड उलटा करून समोर धरला.

"काका, इथे. फक्त ह्या पत्र्यावर. ह्या कडेच्या आत."

"आणि पुढे?"

"पुढे एक कणही नाही."

"कोरडा?"

"ठणठणीत."

बाबांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "मागे ओला, पुढे कोरडा. थांबूक पण व्हया, ओरडूक पण नको." त्यांनी काडीच्या टोकावर ग्रीस घेतलं, इतकं कमी, की मला वाटलं घेतलंच नाही. पत्र्यावर ते असं पसरवलं जसं आई पहिल्या पोळीला तूप लावते, म्हणजे दिसू नये आणि असावं. मग हात साबणाने धुतले. मग पुन्हा धुतले. मग पॅडची पुढची बाजू उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिले.

मी फेरी मारू का, विचारलं.

"आता नको," बाबा म्हणाले. "उद्या. मी मागे बसतंय."

"बाबा, कशाला?"

"तेल घातल्यार तेलवाल्याक चालत्या साच्याखाली हात घालूक लागायचो. दुसऱ्याचो नाय. आपलो."

लक्षण : रविवार

झाडून सगळी बिल्डिंग खाली. कुणी खुर्च्या आणलेल्या. जयाकाकूंनी रांगोळीची रेघ काढली होती, आणि हात फिरता होता म्हणून तिच्या कडेला वेलबुट्टीही. रेघेच्या मागे पिंप, पिंपाच्या मागे काकू, कोंबांवर दोन्ही हात धरून. मिहिर मालाडहून टेम्पो घेऊनच आला होता. टेम्पोत गाडीला गुंडाळायला गादीसुद्धा होती.

मी आणि बाबा गेटच्या बाहेर. बाबांच्या डोक्यावर माझं जुनं हेल्मेट, हात माझ्या खांद्यावर. गेट उघडलं. ते जिवाच्या आकांताने कळवळलं. बाबा शहारले ते मला खांद्यावर कळलं.

"जाऊ?"

"जा."

मी गेले. हळू नाही. पिंप समोर आलं, वेलबुट्टी आली, मी पुढचा ब्रेक दाबला.

गोधडी थांबली. बाबांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्कन आपटलं. पुढचं चाक रेघेच्या अलीकडे, रांगोळीतल्या वेलीच्या एका पानावर.

आवाज झाला नाही. कसलाच नाही.

सगळे जयाकाकूंकडे बघत होते. काकूंनी डोळे घट्ट मिटलेले आणि आता कोंब सोडून दोन्ही बोटं कानात घातलेली. तशाच उभ्या. शेवटी त्यांनी एक बोट काढलं.

"आली का?"

"आली," मी म्हटलं.

"कुठवर आली?"

"थांबली, काकू."

त्यांनी एक डोळा उघडला. पुढचं चाक त्यांच्या बरोबर समोर होतं. त्या दचकून मागे सरल्या. "अगं, सांगायचं तरी! मी किंकाळीची वाट बघत होते!" मग त्यांना अध्यक्षपद आठवलं. "मी पाहिलं नाही. पुन्हा."

पुन्हा गेट, पुन्हा वेल, पुन्हा हेल्मेटवर हेल्मेट. काकूंनी या वेळी डोळे फाडून बघितलं. वाकून रेघ बघितली, माझे पाय बघितले, मागचं चाक बघितलं.

"ठेव गाडी," त्या म्हणाल्या. "पण एवढी गुपचूप येणारी गाडी बरी नाही. कळणार कसं आलेली?"

मिहिरने टेम्पोतली गादी तशीच गुंडाळली. म्हणाला, आता बोल्टवर सायकल टांगतो. मग जाताना खिडकीतून, "सायकलचा ब्रेक लागतो की नाही, बघितलं नाहीये."

बाबा अजून मागेच बसले होते. मी हेल्मेट काढून वळले.

"काय ऐकू आलं?"

"काय नाय," ते म्हणाले. आणि मग, जॉबरला सांगावं तसं, "काय्येक नाय."

तेवढ्यात टेम्पो बाहेर पडला आणि कुणीतरी गेट लावलं. ते असं विव्हळलं, की प्रबुद्धच्या हातातला चहा हिंदकळला. बाबांचा हात आपोआप लेंग्याच्या खिशाकडे गेला. खिशात कुपी होती. सकाळी कधीतरी फळीवरून उतरली होती. जयाकाकूंनी ते बघितलं, मी बघितलं, बाबांनी आम्हा दोघींना बघताना बघितलं. हात तिथेच थांबला.

मग ते गाडीवरून उतरले, माझ्या कानाशी वाकले आणि अगदी हळू, शिकाऊ माणूस विचारतो तसं विचारलं :

"ह्याका चालवूचा हा, की थांबवूचा?"

"चालवायचं, बाबा. पण अध्यक्षांना विचारा."

बाबा कुपी पुढे धरून जयाकाकूंसमोर उभे राहिले. काकूंनी गेटकडे बघितलं, कढीपत्त्याच्या कोंबांकडे बघितलं, आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं.

"एका बिजागरीला," त्या म्हणाल्या. "दुसरी राहू द्या."